कोपरच्या खाडीतला खांब

आमच्या ठाण्याच्या एका मासिकाच्या संपादकांचं पत्र आलं. 'आपल्या दीर्घ नोकरीतले काही मनोरंजक प्रसंग दिवाळीच्या अंकासाठी लिहून द्यावेत.' संपादक वयाने माझ्या धाकट्या मुलाएवढे आहेत. त्यांना वाटतं की सरकारी खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाकडे गमतींचा साठा असतो. मी तीस वर्षं चिखल मोजला. ठाण्याच्या खाडीपासून कल्याणच्या वरपर्यंत कुठे किती गाळ बसला, कुठे रेती सरकली, कुठे पाणी उरलं, हे मोजून वहीत भरायचं आणि वही वर पाठवायची, एवढंच माझं काम होतं. मनोरंजन हवं असेल तर वाचकांनी पुढच्या पानावर जावं.

आधी काम समजावून सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. होडीतून जायचं, गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडायची, आणि दोरीच्या टोकाला शिशाचा गोळा. गोळा तळाला टेकला की गाठी मोजायच्या. गोळ्याच्या बुडाला खळगा असतो, त्यात चरबी भरतात, म्हणजे तळाशी वाळू आहे की चिखल ते चिकटून वर येतं. मी चरबीला हात लावणार नाही म्हणून हटून बसलो आणि मेण भरायची परवानगी मागितली. त्या अर्जावर तीन महिने पत्रव्यवहार झाला आणि शेवटी मेण मंजूर झालं. नोकरीतला माझा तो एकमेव विजय. संपादकांनी हवं तर तेवढाच छापावा.

खाडीचा स्वभाव लोकांना ठाऊक नसतो. लोकांना वाटतं, किनारा म्हणजे देवाने एकदा आखून दिलेली रेघ. पावसाळ्यात उल्हास नदी डोंगरातली माती घेऊन येते. जड रेती आधी बसते, पाणी जिथे जरा सैल पडतं तिथे तिचा दांडा तयार होतो. बारीक माती तरंगत खाली येते. पण समुद्राचं खारं पाणी लागलं की तिचे कण एकमेकांना धरतात, नासलेल्या दुधासारखा तो गढूळपणा फुटतो आणि भरती थांबते त्या घटकाभरात खाली बसतो. त्यावर तिवराचं झाड उगवतं, तिवराच्या मुळांत आणखी माती अडकते, आणि दहा-वीस वर्षांत जिथे मासा फिरत होता तिथे माणूस चालतो. दुसऱ्या काठाला याच्या उलट चाललेलं असतं. तिथे पाणी जमीन खात असतं.

कल्याणजवळचा असा एक रेतीचा दांडा मी एका साहेबाच्या सांगण्यावरून नकाशावर काढला होता. साहेब नवा होता, विलायतेहून नुकताच आलेला. पावसाळ्यानंतर तो नकाशा घेऊन होडीतून गेला आणि नकाशात खोल पाणी दाखवलं होतं तिथेच रुतून बसला. सहा तास भरतीची वाट पाहत उन्हात बसावं लागलं. परत आल्यावर लाल तोंडाने त्याने मला विचारलं, "हा दांडा कोणी हलवला?" मी म्हणालो, "साहेब, पावसाने." त्याने माझ्या नावापुढे 'उद्धट' असा शेरा मारला. शेरा मारायचा आणि पुढे जायचं, ही त्या खात्याची रीत होती. मीही पुढे तेच शिकलो.

आता कोपरचं सांगतो. डोंबिवली तेव्हा अगदी लहान गाव होतं आणि कोपर त्याहून लहान. आगरी लोकांची वस्ती, भाताची खाचरं, मिठागरं, आणि खाडीला एक छोटंसं बंदर. बंदर म्हणजे दगडांचा एक उतार, दुसरं काही नाही. मीठ, पेंढा आणि भात पडावांतून, म्हणजे मालाच्या मोठ्या होड्यांतून, तिथून जायचं. गाव आणि खाडी यांच्या मध्ये मोठं खाजण होतं, म्हणजे भरतीला पाण्याखाली जाणारी आणि ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची जमीन. बंदराच्या तोंडाशी खात्याने एक दगडी खांब उभा केला होता. त्यावर फुटांच्या खुणा कोरल्या होत्या.

हा खांब कशासाठी, ते नीट ऐका. खाडीचं पाणी सारखं वर-खाली होतं. सकाळी दोरी बुडवली तर चौदा फूट, दुपारी बुडवली तर पाच. मग खाडी खोल किती म्हणायची? म्हणून मोजताना पाणी खांबाच्या कितव्या खुणेवर आहे ते पाहायचं आणि दोरीच्या आकड्यातून ते वजा करायचं. उरेल ती खाडीची खरी खोली. सगळी मदार त्या खांबावर. खांब जर खाली खचला, तर पाणी त्याच्यावर जास्त चढलेलं दिसणार, वजाबाकी मोठी होणार, आणि तळ तिथल्या तिथे असूनही खाडी कागदावर उथळ होणार. असं होऊ नये म्हणून नियम होता की दरवर्षी पावसाळा सरला की खांबाची उंची गावदेवीच्या देवळाखालच्या खडकाशी दुर्बिणीने ताडून पाहायची. खडक हलत नाही. पण खडक आणि खांब यांच्या मध्ये ते खाजण. मोठ्या ओहोटीला, म्हणजे अमावास्येला किंवा पौर्णिमेला, मांडीभर चिखलातून फळ्या टाकत जायचं, मध्यावर दुर्बीण उभी करायची आणि भरती यायच्या आत काम उरकायचं. दोन वर्षं मी ते इमानाने केलं. खांब जागेवर होता.

तिसऱ्या वर्षी सर्वपित्री अमावास्येचा दिवस मी या कामाला धरला होता. आदल्या दिवशी आमच्या कचेरीतल्या हेडक्लार्कांनी, रावसाहेबांनी, मला श्राद्धाच्या पानाला बोलावलं. रावसाहेबांच्या घरी ब्राह्मण म्हणून बोलावणं येणं हा मान होता. कचेरीतल्या बाकीच्यांनी ते ऐकलं तेव्हा त्यांची तोंडं पाहण्यासारखी झाली होती. श्राद्धाला जेवणाऱ्याने सकाळपासून शुचिर्भूत राहायचं असतं. चिखलात मांडीभर बुडून, परजातीच्या चार खलाशांच्या खांद्यावर हात टाकून मी दुपारी पानावर बसणार कसा? मी कोपरला गेलो नाही. रावसाहेबांकडे खीर आणि वडे खाल्ले. वडे उत्तम झाले होते, हेही अजून आठवतं.

पुढची मोठी ओहोटी पंधरा दिवसांनी येणार होती आणि वही आठ दिवसांत वर जायची होती. मी रकान्यात लिहिलं, 'खडकाशी ताडून पाहिले. फरक नाही.' खाली सही केली. कोणी विचारलं नाही. चौथ्या वर्षी श्राद्धाचं निमित्तही लागलं नाही, चिखलाचा कंटाळा पुरला. पाचव्या वर्षी तर मी ते वाक्य घरीच, आधी लिहून ठेवलं.

दरम्यान खात्याला खांबाची काळजी वाटली. पडाव त्याला धडकतात म्हणून खात्याने त्याच्या बुडाशी दगडांचा ढीग रचला. खाली सगळा मऊ गाळ आणि वर हे ओझं. खांबाला धक्का लागू नये म्हणून टाकलेल्या दगडांनीच खांब खाली चालला होता. मला ते दिसायला हवं होतं. दगड रचताना मी तिथे हजर होतो आणि 'काम चांगले झाले' असा शेराही मीच मारला होता.

पाचव्या वर्षी माझ्या वहीप्रमाणे बंदराच्या तोंडाशी खाडी दीड फुटाने उथळ झाली होती. मी आकडे पुन्हा पुन्हा तपासले. बेरजा-वजाबाक्या बिनचूक होत्या.

पोशा तांडेल मला तेव्हाच भेटला. भेटला म्हणजे काय, पाच वर्षं तो मला पाहत होता, मी त्याला पाहिलं नव्हतं. कोपरचा आगरी, स्वतःचा एक पडाव, बापाने बांधलेला. त्या पडावावर त्याचं घर चालायचं आणि गावातल्या निम्म्या मिठाचा प्रवासही त्याच्यावरच. खाडी भरली असा कागद वर चाललाय हे गावात कळलं होतं. तो माझ्या होडीजवळ आपला पडाव घेऊन आला.

"राव, तुमी लिवलंय का खारी भरली?" त्याने विचारलं.

"मोजणीत तसं दिसतंय," मी म्हणालो.

"नाय भरली. यो बगा माजा बांबू. बापाच्या टायमाला याला खाच मारलेली. सगल्यात मोठ्या ओटीला बंदराच्या तोंडाला टाकला, त खाच पान्याखाली जाते. तवा जायची, आजबी जाते. खारी भरली त खाच वर नको यायला?"

मी हसलो. खरंच हसलो. "तांडेल, तुझा बांबू खरा की सरकारचा दगड?"

"तुमचा दगर खाली बसतंय, राव," तो शांतपणे म्हणाला. "नारली पुनवेला पानी कवरा यायचा, त्याची खूण हाय आमच्या देवलाच्या पायरीवर. पायरीवर पानी तवरंच हाय. दगरावर मातर चरलंय. एकाच खारीचा पानी दोन ठिकानी दोन बोलल का?"

इतकं सरळ बोलणं मी आमच्या खात्यात तीस वर्षांत ऐकलं नाही. मला ते पटलं का? आत कुठेतरी तिथेच पटलं. पण होडीत माझे चार खलाशी होते आणि ते ऐकत होते. मी म्हणालो, "मोजणीचं शास्त्र असतं. तुला नाही कळायचं." आणि होडी पुढे घ्यायला सांगितली.

आता त्या कागदाचा उपयोग कोणाला झाला ते सांगतो. ठाण्याचे एक वजनदार गृहस्थ, सगळे त्यांना बाबासाहेब म्हणत, कोपरचं खाजण बांध घालून भातशेतीला मागत होते. तीन वेळा त्यांचा अर्ज फेटाळला गेला होता, कारण बंदर चालू होतं. माझा अहवाल गेला आणि वरून हुकूम आला की बंदर तसंही मरतंय, खाजण देऊन टाकावं. बाबासाहेब मला रस्त्यात भेटले तेव्हा फार प्रेमाने बोलले. "अहो, गाळ म्हणजे काय? देवाने आणून दिलेली जमीन. तुमच्यासारख्या जाणकाराने ओळखली, एवढंच." त्यांनी मला कसली लालूच दाखवली नव्हती. त्याची त्यांना गरजच पडली नाही. लाच खाऊन केलेलं पाप तरी समजण्यासारखं असतं, मी ते फुकटात केलं.

बांधाचं काम सुरू झालं. तिवरं तोडली गेली, दोन्ही बाजूंनी मातीचा बांध पुढे सरकू लागला. मध्ये पाणी जायला-यायला तोंड उघडं होतं, ते अगदी शेवटी बुजवतात. मग अमावास्येची मोठी ओहोटी आली आणि मला घरी बसवेना. पोशाची पायरी डोक्यातून जात नव्हती. कचेरीत कोणाला न सांगता एका खलाशाला घेऊन मी कोपरला गेलो, चिखलात उतरलो, फळ्या टाकल्या, दुर्बीण लावली. खांब खडकाच्या मानाने बरोबर दीड फूट खाली गेला होता. खाडी एका बोटानेही भरली नव्हती.

चिखलातच उभा होतो. भरतीचं पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा खलाशाने हाक मारली.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन रावसाहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं, श्राद्धाच्या पानासकट. त्यांनी वही चाळली, माझी तीन वर्षांची तीन वाक्यं वाचली आणि चष्मा काढून ठेवला.

"हे 'ताडून पाहिले' कोणी लिहिलंय?"

"मीच."

"सही?"

"माझीच."

"मग आता काय लिहिणार? न पाहता पाहिलं म्हणून लिहिलं, असं? नोकरी त्याच दिवशी जाईल. घरी किती माणसं जेवतात तुमच्या?"

"सात."

"आणि तुम्ही गेलात म्हणून बांध थांबेल असं वाटतं? हुकूम झालाय. बाबासाहेबांची माणसं कामाला लागलीत." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "खाडी आहे. आज नाही भरली, उद्या भरेल. तुम्ही थोडं आधी लिहिलंत, इतकंच समजा."

बांध थांबला असता की नाही, मला माहीत नाही. तोंड अजून उघडं होतं. महिनाभर उघडं होतं. महिनाभर मी रोज कचेरीत गेलो, रोज ती गोष्ट साहेबाच्या दारापर्यंत नेली आणि परत आणली. मग तोंड बुजवल्याची बातमी आली. मला त्या दिवशी हायसं वाटलं, हे कबूल करतो. आता बोलून उपयोग नाही, असं स्वतःला सांगता आलं.

रावसाहेब म्हणाले होते त्याप्रमाणे खाडी भरली. पण ती आपोआप नाही भरली. घरातल्या मोरीत घागरभर पाणी एकदम ओतलं तर ती साफ राहते, तांब्या-तांब्याने ओतलं तर घाण साचते. खाजणावर भरतीला चढलेलं सगळं पाणी ओहोटीला एकदम बंदराच्या तोंडातून बाहेर पडायचं आणि गाळ घासून न्यायचं काम तेच करायचं. बांधाने ते पाणी आत येणंच बंद केलं. राहिलं तांब्याभर. पहिल्या पावसाळ्यात चिखल बसला तो तिथेच राहिला. दुसऱ्या पावसाळ्यात त्यावर आणखी बसला. तिसऱ्या वर्षी तोंडाशी तिवराची रोपं आली. मी आता दरवर्षी मांडीभर चिखलातून जाऊन खांब ताडून पाहत होतो, एकदाही चुकवलं नाही. माझे खरे आकडे दरवर्षी खाली येत येत माझ्या खोट्या आकड्यापाशी आले, आणि मग त्याच्याही खाली गेले.

पोशाचा पडाव आधी फक्त उधाणाच्या भरतीला सुटू लागला, मग तेव्हाही सुटेना. एका वर्षी तो उतारापाशी चिखलात कलता दिसला. पुढच्या वर्षी तिथे नव्हता. बांधाला पावसाचं पाणी बाहेर सोडायला लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. तिचं दार कुजलं तेव्हा नव्या फळ्या लागल्या, त्या पोशाच्या पडावाच्या होत्या. फळ्यांवरचा डांबराचा काळा पट्टा मी ओळखला. पोशा त्याच उघाडीवर राखणदार झाला होता. भरती आली की दार पाडायचं, ओहोटी लागली की उचलायचं. बाबासाहेबांच्या भाताला खारं पाणी लागू नये म्हणून.

मी निवृत्त झालो त्या दिवशी कचेरीत समारंभ झाला. आमच्या त्या वेळच्या साहेबाने जुना अहवाल बाहेर काढवला होता. त्याने तो सगळ्यांसमोर वाचला आणि सांगितलं की या गृहस्थांनी कोपरची खाडी भरणार हे डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी ओळखलं, अशी नजर दुर्मीळ असते. टाळ्या झाल्या. रावसाहेब तोवर वारले होते, नाहीतर माझ्याखेरीज आणखी एकाने तरी मान खाली घातली असती. गळ्यात हार घेऊन मी घरी आलो आणि हार खुंटीला न अडकवता गाईला घातला.

दोन महिन्यांनी एका सकाळी मी कोपरला गेलो. का गेलो? सांगायचं होतं म्हणून. आता नोकरी जाण्याची भीती नव्हती, सातांपैकी तीन मुली सासरी गेल्या होत्या, थोरला मुलगा मिळवता झाला होता. ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत मनात वाक्यं जुळवत गेलो.

पूर्वी होडीतून जायचो तिथून चालत गेलो. खांब वीतभर वर उरला होता, बाकीचा चिखलात. पोशा उघाडीजवळ खोपटात बसला होता, डोळ्यांनी अधू झालेला. मी नाव सांगितलं तेव्हा तो धडपडत उठला. मला बाजेवर बसवलं, शहाळं फोडून दिलं. त्याचा बांबू खोपटाच्या वळचणीला आडवा होता, त्यावर घोंगडी वाळत घातली होती. खाच दिसत होती.

मी म्हणालो, "तांडेल, एक बोलायचं होतं."

"मलाबी बोलायचा हाय, राव," तो म्हणाला. "लय वरसांपासून. तवा त्या होरीत तुमच्या मानसांसमोर मी तुमच्या दगराला खोटा बोललो. तुमी शिकलेले. तुमाला फुरचा दिसला, मला नाय दिसला. खारी भरलीच ना शेवटाला? मी बापाच्या बांबूवर बसलो. तुमचा ऐकून तवाच पराव इकला असता, त चार पैसे तरी आले असते पोरांना. माजी चूक जाली. मनात धरू नका."

त्याने हात जोडले होते.

ठाण्यापासून जुळवत आणलेली वाक्यं माझ्या तोंडात होती. मला फक्त तोंड उघडायचं होतं.

मी म्हणालो, "असू दे, तांडेल. चुकतं माणसाचं."

आणि शहाळ्याचं उरलेलं पाणी पिऊन टाकलं.